वरच्या सुराचा हट्ट



गेल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साबलिदानाच्या शेवटी आपल्या बँडने जे गीत वाजवले, ते आपणा सर्वांना आठवत असेल. शेवटच्या ओळीला ट्रम्पेट एकदम वर चढले. सूर आधी फाटला, मग सापडला, आणि सापडल्यावर त्या पोराने तो असा काही धरून ठेवला की मंदिरातील माणसे टाळ्या वाजवू लागली. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही होतो. वेदीपाशी उभे राहून धर्मगुरूने टाळ्या वाजवाव्यात की नाही, हा प्रश्न त्या क्षणी आम्हांला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा गोठ्यापुढचा पेंढा आवरायला आला. त्याचा वरचा ओठ सुजला होता. ओठावर माऊथपीसची गोल निळी खूण होती, आणि आतल्या बाजूला दात रुतून जखम झाली होती. विचारले तर म्हणाला, "काही नाही, फादर." आम्ही त्याला मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि आमच्या कामाला लागलो. त्या 'काही नाही'वर आमचे इतके चटकन समाधान झाले, ही गोष्ट तेव्हापासून आमच्या मनाला लागून राहिली आहे. आता उपवासकाळ चालू आहे, मंदिरात वाद्ये गप्प आहेत, आणि पास्खा जागरणाला कोण काय वाजवणार हे ठरवायचे आहे. तेव्हा या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा म्हणून हे लिहीत आहोत.

आपला बँड कसा आला, ते नव्याने आलेल्या कुटुंबांना ठाऊक नसेल. चार वर्षांपूर्वी इकडचा एक लग्नाचा बँड मोडला. डीजे आणि धुमाल आल्यापासून वरातीला पितळी बँड कोण सांगतो? वाद्ये जवळजवळ मोडीच्या भावाने विकायला निघाली. तुम्हीच वर्गणी दिली आणि आपण दोन ट्रम्पेट, एक युफोनियम आणि एक साईड ड्रम घेतला. वाद्यांच्या मागोमाग त्या बँडचे मास्तरही आले. ते आपल्या धर्माचे नाहीत. रविवारी चामोर्शीकडून एसटीने येतात, मिस्सा संपेपर्यंत व्हरांड्यात बसतात, चहा घेतात आणि मुलांना शिकवतात. चाळीस लगीनसराया त्यांनी ट्रम्पेट वाजवले. आता त्यांच्या वरच्या ओठात जोर उरलेला नाही. वाद्य तोंडाला लावले की बाजूने वारा सुटतो. म्हणून ते वाजवून दाखवत नाहीत, गाऊन दाखवतात.

ओठाची ती खूण पाहून मास्तर आम्हांला एवढेच म्हणाले, "फादर, हा पोट्टा ओठानं चढते, वाऱ्यानं नाई चढत."

या एका वाक्यात वाद्याचे सगळे शास्त्र आहे. ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण पुढचा नैतिक प्रश्न त्याच्यावरच उभा आहे.

ट्रम्पेटला बटणे तीनच. पुष्कळांना वाटते की वरचा सूर एखादे बटण दाबून येतो. उलट आहे. बटण दाबले की नळी लांब होते आणि सूर खाली उतरतो. वर नेणारे बटण या वाद्याला नाहीच. एकही बटण न दाबता, सुमारे १.४ मीटर लांबीच्या त्या नळीतून ठरावीक पायऱ्यांचेच सूर निघतात: सा, मग प, मग वरचा सा, ग, प, किंचित उतरलेला कोमल नी, आणि आठव्या पायरीला त्याच्याही वरचा सा. बँडवाले त्याला 'वरचा सी' म्हणतात. खालच्या सा ला वादकाचे ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरतात, तर या वरच्या सा ला सुमारे ९३२ वेळा. म्हणजे चौपट. आणि वर जावे तसतशा पायऱ्या जवळ जवळ येतात. खाली दोन सुरांत मोठी फट असते, चुकून दुसऱ्याच सुरावर पाय पडण्याची भीती कमी. वर मात्र सा च्या अंगालाच रे आणि रे च्या अंगालाच ग. ओठांचा ताण केसभर इकडे तिकडे झाला की सूर घसरतो. नाताळच्या रात्री नेमके हेच झाले.

आता ओठांनी चौपट वेगाने थरथरावे म्हणून काय करायचे? वारा जोराचा हवा, पण थोडा हवा. हे ऐकायला विचित्र वाटते. वरच्या सुराला फुप्फुसातील दाब वाढतो, परंतु प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा कमी असते. बागेत पाणी घालताना नळीचे तोंड बोटाने चिमटले की धार लांब जाते, तसे. ओठांमधली फट लहान करायची, ओठांचे कोपरे घट्ट धरायचे, मधला भाग मोकळा ठेवायचा. जीभ 'आ' म्हणताना खाली असते, 'ई' म्हणताना वर उठते. वरच्या सुराला ती 'ई'च्या जागी न्यायची. हे सगळे तोंडाच्या आत घडते, बाहेरून काही दिसत नाही. आणि ते जमायला महिने नव्हे, वर्षे लागतात.

दुसरा एक जवळचा रस्ता आहे. माऊथपीस ओठांवर दाबायचा. दाबला की ओठ पातळ होतो, ताणला जातो, आणि सूर वर जातो. खरोखरच जातो! म्हणूनच तो मोह आहे; खोटा असता तर कोणी फसले नसते. परंतु दाबलेल्या ओठातील रक्त हटते, ओठ बधिर होतो, आणि दहा मिनिटांनी त्याच सुरासाठी आणखी दाबावे लागते. कर्जावर कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हे आम्ही पुस्तकातून लिहीत नाही. आमचे बालपण वसईत गेले. तिकडे लग्नाला, सणाला गावचा बँड असे, आणि पोरे चालायला लागली की कोणाच्या तरी ट्रम्पेटमध्ये फुंकर मारून पाहत. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सणाला आम्हांला वरच्या सुराचा तुकडा मिळाला. आमचा आवाका तिथवर नव्हता. आम्ही महिनाभर रोज दोन तास दाबून दाबून वाजवले. सणाच्या दिवशी सकाळी ओठ लाकडासारखा झाला होता. प्रवेशगीताला जो आवाज निघाला, त्याचे वर्णन न केलेले बरे. पाहुणे धर्मगुरू खाली पाहू लागले, आमचे वर्गबंधू हसू दाबू लागले.

त्यानंतर आम्ही ट्रम्पेट पेटीत घातले, पेटी खाटेखाली सारली आणि अकरा वर्षे उघडली नाही. कोणी विचारले तर सांगत असू, "ती हौस सोडली. प्रभूच्या सेवेपुढे ती किती लहान!" लोकांना ते नम्रतेचे बोलणे वाटे. आम्हांलाही वाटे.

म्हणूनच जानेवारीत आम्ही त्या मुलाला बोलावून "बाळा, वरचा सूर सोड, जे झेपते ते वाजव," असे सांगू लागलो, तेव्हा त्याने आम्हांला जे उत्तर दिले त्याने आमची बोलतीच बंद झाली. तो म्हणाला, "फादर, मागे तुम्हीच प्रवचनात सांगितलं होतं ना, मालकाने दिलेलं नाणं ज्याने जमिनीत पुरून ठेवलं त्याच्यावर मालक रागावला. मग मी पुरून ठेवू का?"

काय सांगावे? प्रवचने मुले ऐकत नाहीत असे आपण म्हणतो. ऐकतात, आणि नको त्या वेळी परत करतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. सेमिनरीत तो भाग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. या जानेवारीत पुन्हा काढून वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मोठ्या गोष्टीला हात घालणे हा सद्गुण आहे, त्याला ते मनाचा मोठेपणा म्हणतात. त्याच्या एका बाजूला एक पाप आहे: आपल्या शक्तीबाहेरच्या गोष्टीला हात घालणे. दुसऱ्या बाजूला दुसरे पाप आहे: जे आपल्या शक्तीत आहे त्यालाही हात न घालणे, मन आखडून बसणे. आणि या दुसऱ्या पापाचे उदाहरण म्हणून त्यांनी नाणे पुरणाऱ्या त्याच चाकराचे नाव घेतले आहे. दोहोंत अधिक वाईट कोणते? आम्हांला वाटले होते, उद्दामपणा. संत थॉमस म्हणतात, स्वभावतः पाहिले तर मनाचा आखडेपणा अधिक गंभीर, कारण त्याने माणूस चांगल्यापासूनच मागे सरतो. उद्दामपणा वाईट ठरतो तो त्यामागच्या गर्वामुळे.

म्हणजे हिशोब असा झाला. मुलाने ओठ फाडून घेतला, ते एक पाप मानू. आम्ही अकरा वर्षे पेटी उघडली नाही, ते त्याहून मोठे. आणि उपदेश करायला बसलो होतो आम्ही.

परंतु संत थॉमस यांच्या या मांडणीत एक जागा आम्हांला अडते. 'शक्तीबाहेर' आणि 'शक्तीत' ही रेघ कोणी ओढायची? बैलाला किती ओझे झेपते ते गाडीवान जाणतो, कारण बैल त्याच्या समोर आहे. आपली शक्ती आपल्यासमोर नसते. ती करून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि करून पाहताना रेघ ओलांडली जातेच. ज्याने सूर एकदाही फाडला नाही त्याला आपली हद्द ठाऊक नाही. तो हद्दीच्या अलीकडे कुठेतरी स्वस्थ बसला आहे. शिवाय ही हद्द एका जागी राहत नाही. आज जो सूर शक्तीबाहेर आहे तो दोन वर्षांच्या सरावाने शक्तीत येतो. तेव्हा 'तुला झेपत नाही' हे वाक्य आज खरे असले तरी कायमचे म्हणून उच्चारले की खोटे होते. आम्ही त्या मुलाला ते कायमचे म्हणून सांगत होतो.

अरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण वाद्यासारखा वाजवून वाजवूनच येतो. हे सर्वांना माहीत असते. त्याच्या लगेच पुढचे तो जे म्हणतो ते फारसे कोणी सांगत नाही: वाजवून वाजवूनच माणूस वाईट वादकही होतो. सराव तोच, तास तेवढेच, घामही तेवढाच. एकाचा ओठ तयार होतो, दुसऱ्याचा मरतो. नुसते 'मेहनत कर' म्हणणारा शिक्षक म्हणूनच अर्धेच सांगतो. आम्ही सेमिनरीत महिनाभर जी मेहनत केली, तिच्याने आम्ही रोज थोडे थोडे अधिक वाईट वादक होत होतो आणि तिला त्याग समजत होतो. उपवासकाळात हे आठवायला हरकत नाही.

मग प्रश्न उरतो: शेजाऱ्याकडे पाहून आपण सांगू शकतो का, की तो वाऱ्याने चढतो आहे की ओठाने? ग्लासगो येथील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील संशोधकांनी १९८० च्या दशकात वादक माऊथपीस किती जोराने दाबतात ते यंत्र लावून मोजले. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, नामांकित वादकही चांगलाच जोर लावतात. 'अजिबात न दाबता वाजवावे' ही शिकवण म्हणजे एक गोड समजूत होती. दुसरी आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. वादकांची छायाचित्रे दाखवून कोण जास्त दाबतो आहे हे जाणकारांना विचारले, तर त्यांना ते ओळखता आले नाही. ज्याचा चेहरा लाल झाला तो दाबतोच असे नाही. ज्याचा चेहरा शांत तो दाबत नाही असेही नाही. ज्या धर्मगुरूला कबुलीजबाबाच्या जागी बसावे लागते त्याने हे लक्षात ठेवावे असे आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे आपली, ऐकणाऱ्यांची.

जर्मनीतील लाइपझिग शहरात गॉटफ्रीड राइखे नावाचे नगरवादक होते. योहान सेबास्टियन बाख यांच्या रचनांतील ट्रम्पेटचे कठीण तुकडे तेच वाजवीत. त्या काळच्या ट्रम्पेटला बटणे नव्हती. ती १८१८ च्या सुमारास आली. आपली तुतारी असते तशी साधी नळी. अशा नळीत सुरांच्या पायऱ्या वरच्या टोकालाच एकमेकींजवळ येतात, त्यामुळे धून वाजवायची तर वादकाला सतत वरच राहावे लागे. ५ ऑक्टोबर १७३४ च्या संध्याकाळी राजा आला म्हणून चौकात बाख यांचे संगीत झाले. विद्यार्थी शेकडो मशाली घेऊन उभे होते. राइखे तेव्हा ६७ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी ते आपल्या घराजवळच रस्त्यात कोसळले आणि मरण पावले. त्या काळच्या शहराच्या बखरीत कारण नोंदले आहे: राजासाठी वाजवताना झालेले अतिश्रम आणि मशालींचा धूर.

हे वाचताना आमच्या मनात आले, त्या रात्री राजाने काय ऐकले असेल? उत्तम संगीत ऐकले असेल. त्याने कोणावर जबरदस्ती केली नाही. बाख यांनीही दुष्टपणाने लिहिले नाही. राइखे वाजवू शकतात म्हणूनच त्यांनी तसे लिहिले. राइखेंनाही कोणी ढकलले नाही. दोष शोधायला गेले तर हातात कोणीच लागत नाही. आणि तरी एक म्हातारा माणूस रस्त्यात पडला.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट', हे मुंबईत ट्रम्पेटवादक म्हणून गाजले; त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतात त्यांचा हात होता. ज्यांच्या नावाने त्यांना ओळखत, ते अमेरिकेतील आर्मस्ट्राँग तरुणपणी एकामागून एक वरचे सी वाजवून लोकांना वेड लावीत. लोक मोजत बसत. लोक मोजतात म्हणून ते आणखी वाजवीत. १९३४-३५ च्या सुमारास ओठ असा फाटला की त्यांना कित्येक महिने वाद्य बाजूला ठेवावे लागले. ओठाच्या स्नायूच्या अशा इजेला डॉक्टर आज त्यांच्याच टोपणनावाने ओळखतात. पुढे त्यांच्या वादनात वरच्या सुरांची आतषबाजी कमी झाली, आणि ते पुष्कळ गायले. त्यांचे नंतरचे वादन ऐकून कोणालाही ते उणे वाटत नाही. मोजण्यासारखे मात्र त्यात फारसे काही नाही.

मास्तरांना आम्ही एकदा विचारले, तुमचा ओठ कोणी घालवला? ते हसले. म्हणाले, "वरातीनं. डफड्याच्या वर ट्रम्पेट ऐकू आलं पायजे ना, फादर. नवरदेवाचा मामा नोट दाखवते आन् म्हणते, अजून वर." चाळीस वर्षे कोणी ना कोणी मामा नोट दाखवीत होता. नोट घेणारे मास्तरच होते, हे ते नाकारत नाहीत. पण मामा रात्री घरी जाऊन झोपला, आणि ओठ मास्तरांच्या तोंडाला राहिला.

नाताळच्या रात्री वेदीपाशी टाळ्या वाजवणारे आम्ही, त्या मामाहून वेगळे होतो का? आमच्या हातात नोट नव्हती एवढेच. नाताळच्या आधीच्या तालमीतही आम्हीच म्हणालो होतो, "शेवटी जरा वर घ्या, उठाव येईल." हेच शब्द होते. आम्ही ते विसरलो होतो. मुलगा विसरला नव्हता.

आपल्यातील काही ज्येष्ठांचे म्हणणे वेगळेच आहे: मंदिरात बँड हवाच कशाला? त्यांच्या बाजूला आधार आहे. संत पोप पायस दहावे यांनी १९०३ साली मंदिरात बँड वाजवण्यास सक्त मनाई केली होती. मोजकी फुंकवाद्येसुद्धा बिशपांच्या परवानगीनेच, आणि बँड हवा तर मिरवणुकीत, मंदिराबाहेर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली दार थोडे उघडले. ऑर्गनला मान दिला, पण उपासनेला शोभतील अशी इतर वाद्येही चालतील असे ठरवले. आम्ही या वादात आज शिरत नाही. बँड बंद केला तर ओठाचा प्रश्न मिटेल हे खरे. शेत विकले की तणाचाही प्रश्न मिटतो.

मास्तरांनी मुलांना जो क्रम घालून दिला आहे, तो आम्ही महिनाभर बसून पाहिला. पहिली पंधरा मिनिटे वाद्य पेटीतच. श्वास घ्यायचा, खांदे न उचलता, पोट आणि बरगड्या भरतील असा, आणि सावकाश सोडायचा. मग खालचे लांब सूर, अगदी हळू. आपल्याकडे गवयी पहाटे खर्जाचा रियाज करतात, तारसप्तकात जाण्यासाठी आधी खाली उतरतात. पितळी वाद्याचेही तसेच आहे, हे पाहून आम्हांला आनंद झाला. मग बटण न बदलता सा वरून प, प वरून सा, असे ओठ आणि जीभ यांनीच चढणे-उतरणे. जितका वेळ वाजवायचे तितकाच वेळ वाद्य मांडीवर ठेवून बसायचे. नवा वरचा सूर आठवड्याला अर्धा, तोही हळू आवाजात. हळू वाजवताना न दाबता आला तरच तो आपला. जोरात आला तर उसना. ओठ दुखला तर त्या दिवशी पेटी बंद, दुसऱ्या दिवशी विचारायचे.

पोरांना हे फार कंटाळवाणे वाटते. युफोनियमवाल्याने तर विचारले, वर जायचा माऊथपीस विकत मिळतो म्हणे, तो मागवू या का? उथळ वाटीचा माऊथपीस असतो खरा. त्याने सूर चमकदार होतो, थोडी मदत होते. पण ज्याला वरचा सूर येतच नाही त्याला तो आणून देत नाही. मायनार्ड फर्ग्युसन नावाचे कॅनडाचे वादक आपल्या वरच्या सीच्याही कितीतरी वर सहज वावरत. ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या देशात येऊन आंध्रातील ऋषी व्हॅली शाळेत मुलांना शिकवून गेले. ते शिष्यांना माऊथपीसपेक्षा श्वासाबद्दल अधिक सांगत, आणि तो श्वास योगातला होता. म्हणजे इतक्या लांबून आलेला माणूसही मास्तरांच्याच पहिल्या पंधरा मिनिटांपाशी येऊन थांबला.

महिनाभरात आम्हांला एक दिसले. त्या मुलाची ओठाची खूण गेली. पण त्याचा वरचा सूरही गेला. दाबणे सोडले आणि वारा अजून तयार नाही, अशा मधल्या जागी तो उभा आहे. नाताळला जो सूर येत होता तोही आता येत नाही. सकाळी मोहफुले वेचून धावत येतो, कोरड्या वाऱ्याने ओठ फुटलेले असतात, आणि अर्धा तास खालचे सूर वाजवून परत जातो. धाकटी मुले त्याला चिडवतात. आम्ही त्याला पाहतो तेव्हा आम्हांला आमची खाटेखालची पेटी आठवते. याच जागेवरून आम्ही परत फिरलो होतो.

त्याच्या वडिलांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आहे, ते येथे लिहायला त्यांची हरकत नाही. उन्हाळ्याच्या लगीनसराईत एक बँड त्याला न्यायला तयार आहे. ट्रम्पेट वर चढवणाऱ्याला रोज जास्त मिळतो. तेंदूपत्त्याचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, त्याच्या भरवशावर वर्ष निघत नाही. "फादर," ते म्हणाले, "तुमचं ओठाचं बोलणं बरोबर आहे. पण घरात चूल आहे." या वाक्यासमोर संत थॉमस आणि अरिस्टॉटल दोघेही क्षणभर गप्प बसले. आम्ही त्यांना एवढेच विचारू शकलो की वीस वर्षांनीही चूल असेल, तेव्हा ओठ असेल का. आणि मास्तरांकडे बोट दाखवले नाही, कारण मास्तर शेजारीच बसले होते. पण त्यांनी स्वतःच मान हलवली.

निर्णय वडिलांचा आणि मुलाचा आहे, आमचा नाही. आमच्या हातात जे आहे ते आम्ही केले आहे. मास्तरांनी मुलाला उन्हाळ्यात बँडबरोबर जाऊ द्यावे, पण दुसऱ्या ट्रम्पेटवर, खालच्या पट्टीत, असे सुचवले आहे. पैसे थोडे कमी मिळतील. फरक धर्मग्रामाच्या मदत निधीतून भरता येईल का, हे पुढच्या रविवारी सभेत ठरवू. ज्यांनी नाताळला टाळ्या वाजवल्या त्यांनी यावे.

राहिला पास्खा जागरणाचा प्रश्न. संत थॉमस यांनी अरिस्टॉटलच्या आधाराने एक बारीक गोष्ट सांगितली आहे, की मित्रांच्या मदतीने जे आपल्याला करता येते, ते एका अर्थी आपल्याच शक्तीत असते. मोठ्या बँडांत असेच करतात. वरचा तुकडा एकट्यावर टाकत नाहीत, एकाने दोन ओळी, दुसऱ्याने दोन ओळी, एक वाजवतो तोवर दुसऱ्याचा ओठ विसावतो. आपल्याकडे ट्रम्पेट दोन आहेत, दुसऱ्याला वादक नाही. मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही वसईहून आणलेली पेटी गेल्या महिन्यात उघडली आहे. बटणे तेल घालून मोकळी केली, माऊथपीस चिंचेने घासला. ओठ अर्थातच गेलेला आहे. सध्या आम्ही मुलांबरोबर व्हरांड्यात बसून खालचा सा लांब धरतो, आणि तो मुलगा आम्हांला खांदे उचलू नका म्हणून सांगतो.

गीताची पट्टी दोन सूर खाली घेतली आहे. गाणाऱ्या बायकांनी त्याबद्दल आधीच आभार मानले आहेत. शेवटच्या ओळीला कोणी वर चढणार नाही. तालीम दर रविवारी मिस्सानंतर, व्हरांड्यात. पहिली पंधरा मिनिटे वाद्यावाचून.

आपला धर्मगुरू